डावा पाय

इंदिरानगर, नाशिक
१२ सप्टेंबर २०२४

श्रीमती चंद्रभागाबाई भडांगे यांस,
स. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही आणि मीही तुम्हाला ओळखत नाही, तरी पत्र बाजूला टाकण्याआधी एकदा वाचून घ्या अशी विनंती. मी सोमनाथ थेटे. अंबडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं टूलरूममध्ये फिटर होतो, गेल्या वर्षी निवृत्त झालो. निवृत्त माणसानं सकाळी बागेत फिरायला जावं म्हणतात. मी अंबडच्या भंगार दुकानांतून फिरतो. आमची सौ., दीपमाला, म्हणते की लोकांचे नवरे येताना भाजी आणतात आणि माझा गंज आणतो.

गेल्या महिन्यात तिथं एक शिलाई मशीन दिसलं. साध्या मशीनला खाली सपाट पत्रा असतो. याला त्या पत्र्यातून वीतभर उंच लोखंडी खांब उभा आहे आणि शिलाई खांबाच्या माथ्यावर होते. बुटाचा वरचा भाग किंवा पिशवीचा गोल तळ, म्हणजे जे सपाट पसरता येत नाही, ते या खांबावर टोपीसारखं चढवून शिवायचं. माझी मुलगी निकिता कॅनव्हासच्या पिशव्या शिवते. गोल तळ आला की तिचं साधं मशीन अडून बसतं आणि मग घरात सगळेच अडून बसतो. मी ते खांबाचं मशीन टेम्पोत घालून घरी आणलं.

आता तुमचा संबंध सांगतो. टेबलाच्या खणात मेणाचा एक गोळा होता आणि तो निळ्या आंतरदेशीय पत्रात गुंडाळलेला होता. पत्र वाचलं नाही. दुसऱ्याचं पत्र वाचू नये एवढं वळण आईनं लावलं आहे. समोरचा पत्ता मेणानं पुसून गेला होता, पाठीवर पाठवणाऱ्याचा होता तेवढा वाचला, तो तुमचा.

हे मशीन कुणाचं, त्यावर काय शिवलं जायचं, हे कळलं तर मला ते उभं करायला मदत होईल. बनावटीचं नाव घासून गेलं आहे. चाक आठ दिवस डिझेलात भिजवल्यावर हललं. आता फिरतं, पण तीन टाके पडतात आणि चौथा सुटतो. शिवाय खांब फार उंच असल्यामुळे सपाट कापड दोन्ही बाजूंनी लोंबतं, म्हणून माझा मित्र चिमाजी याच्या वर्कशॉपमध्ये तो दोन इंच कापून घ्यावा असं मनात आहे. मशीनवर कुणीतरी बरेच उद्योग करून ठेवलेले दिसतात. ते काढून त्याला मूळ रूपात आणायचं आणि जुन्या मोटरच्या जागी नवी बसवायची, असा बेत आहे.

खाली फोन नंबर देत आहे. कधी नाशिकला आलात तर मशीन बघायला जरूर या.

आपला,
सोमनाथ थेटे

इगतपुरी
२३ सप्टेंबर २०२४

श्री. सोमनाथ थेटे यांस,
नमस्कार.

पत्र मिळालं. मशीन माझ्या वडिलांचं, सावळीराम विधाते यांचं. मखमलाबादला आमचा भाजीपाल्याचा मळा. चुलते वांगी आणि कोबी पिकवत होते तेव्हा बाबा देवळालीकडे फौजी बूट शिवणाऱ्या एका कारखान्यात जायचे. तो बंद पडला तेव्हा हे मशीन ते बैलगाडीतून घरी घेऊन आले.

ते भंगारात होतं, हे तुमच्याकडून कळलं. माझा भाचा समर्थ म्हणाला होता की ओळखीच्या माणसाला दिलं, चांगल्या घरी पडलं. पोरीचं लग्न जमवल्यासारखं सांगितलं होतं त्यानं.

खांब कापू नका. कापलेला खांब परत वाढत नाही. जेवायला बसायचा लाकडी पाट घ्या, त्याच्या मधोमध खांब जाईल एवढं भोक पाडा आणि खांबाच्या माथ्याबरोबर उंचीवर चार ठोकळ्यांवर ठेवा. सपाट काम असेल तेव्हा पाट चढवायचा, गोल काम असेल तेव्हा काढायचा. बाबा तसंच करायचे. टाके सुटतात म्हणजे तुम्ही सुई साध्या मशीनसारखी लावली आहे. सुईची खाच खांबातल्या हुकाकडे तोंड करून पाहिजे. आणि नव्या मोटरवर दोऱ्याला मेण लावायला विसरू नका, नाहीतर गरम होऊन तुटेल.

तुम्ही फोन नंबर दिलात, पण मी फोन करणार नाही. माझा एक कान गेला आहे आणि दुसरा जायच्या बेतात आहे. फोनवर मला अर्धं ऐकू येतं, उरलेलं मी मनानं जोडते आणि त्यातून भांडणं होतात. पत्रच लिहा.

मशीनचं बाकी काय काढायचं आणि काय घालायचं ते तुम्ही ठरवा, आता ते तुमचं आहे. फक्त डाव्या पायाला हात लावू नका. तो आहे तसा राहू दे.

नाशिकला यायचं म्हणालात. मी कुठं जात नाही. बाहेर फिरायची मला हौस नाही.

चंद्रभागा भडांगे

इंदिरानगर, नाशिक
१४ ऑक्टोबर २०२४

चंद्रभागाताई,
सा. नमस्कार.

तुमच्या पत्रानं मला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे सुई कशी लावायची, आणि दुसरी म्हणजे एकतीस वर्षं यंत्रांत काढूनही माणूस कसा गाढव राहू शकतो. खाच हुकाकडे फिरवली आणि एकही टाका सुटला नाही. दीपमालेला तुमचं वाक्य वाचून दाखवलं, कापलेला खांब परत वाढत नाही, तर ती म्हणाली की या बाई मला आधी भेटायला हव्या होत्या, तुमची निम्मी खरेदी वाचली असती.

पाटाची युक्ती केली. लग्नात मिळालेला सागवानी पाट होता, त्याला भोक पाडलं. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता, पण निकिताची पहिली पिशवी तयार झाल्यावर मिटला. मोटर नवी बसवली. जुनी मोटर चालू केली की घरातली भांडी वाजायची, ही बोलतही नाही. चिमाजीनं त्याच्या लेथवर एक मोठी पुली करून दिली, त्यामुळे मशीन आता मुंगीच्या पावलांनी चालतं आणि हवा तिथं एक-एक टाका टाकता येतो. मशीनच्या डोक्याचा काळा रंग खरवडून तीन हात नवा दिला. परवा दसऱ्याला झेंडूची माळ घालून पूजा केली आणि मगच पहिली खरी शिलाई घातली.

तुमच्या सांगण्याप्रमाणे डाव्या पायाला हात लावला नाही. सुईच्या डाव्या अंगाला कापड दाबून धरणारा चाकाचा जो पाय आहे, तो आहे तसा ठेवला, नुसता पुसला. पुष्कळ मशीनना तो उजवीकडे असतो. कुणी हौशी माणूस तो बदलून टाकील म्हणून तुम्ही आधीच बजावलंत, हे लगेच ध्यानात आलं. आम्ही फिटर लोक अशा गोष्टी इशाऱ्यानं समजतो.

खालच्या पॅडलचं मात्र कुणा महाभागानं वाटोळं केलं होतं. डाव्या बाजूला चामड्याचा एक ठोकळा ठोकलेला होता. तळाच्या जाड चामड्याचे सात थर एकावर एक, सगळे मिळून छत्तीस मिलिमीटर. थरही धड नाहीत. तिसरा पातळ, पाचव्यात अंगठ्याएवढा खड्डा, आणि खिळे सात तऱ्हेचे. ज्यानं केलं त्याला मोजपट्टी माहीत नसावी. मी जुन्या सवयीनं सगळी मापं डायरीत लिहून घेतली आणि छिन्नीनं तो उडवला. आमच्या गल्लीच्या उतारावर लताबाई भाजीची हातगाडी लावतात, त्यांना चाकाखाली घालायला काहीतरी हवं होतं, त्यांना देऊन टाकला. पॅडल आता आरशासारखं सपाट झालं आहे. तुमचे वडील असते तर खूश झाले असते.

तुम्हाला बाहेर फिरायची हौस नाही हे वाचून बरं वाटलं. दीपमालेला ती फार आहे, तिला दाखवायला उदाहरण मिळालं.

आपला,
सोमनाथ

इंदिरानगर, नाशिक
८ नोव्हेंबर २०२४

चंद्रभागाताई,
सा. नमस्कार.

दिवाळी झाली, तुमचं उत्तर नाही. प्रकृती ठीक आहे ना? इगतपुरीला थंडी लवकर पडते, म्हणून विचारलं. सोबत निकितानं शिवलेली पिशवी पाठवत आहे. तळाची शिलाई बघा आणि काही चुकलं असेल तर खुशाल लिहा. माझ्या हातून काही चुकलं असेल तर तेही लिहा. दीपमाला म्हणते, पत्रात नक्की काहीतरी वेडंवाकडं गेलं असणार, कारण माझ्या पत्रात ते जातंच.

आपला,
सोमनाथ

इगतपुरी
१९ नोव्हेंबर २०२४

श्री. सोमनाथ थेटे यांस,

उत्तर लिहायला बसले आणि तीनदा उठले. रागात टाकलेलं पत्र पेटीतून परत काढता येत नाही, म्हणून राग जायची वाट बघत होते. तो गेला नाही, पण निवला आहे.

तो ठोकळा म्हणजेच डावा पाय.

आमच्या घरात त्याला सगळे डावा पायच म्हणायचे. आई मशीनजवळ झाडून आली तरी सांगायची की डाव्या पायाखालचं झाडलं. बाहेरच्या माणसाला तो शब्द कळणार नाही, हे मला लिहिताना सुचलं नाही. ही चूक माझी. बाकीची तुमची.

मी दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. डावा पाय बारीक राहिला आणि आखूड राहिला. अकराव्या वर्षी मी बाबांच्या मशीनवर बसायला लागले. मशीन घरात नव्हतं, मळ्यातल्या कांदा साठवायच्या चाळीत होतं, कारण आजोबांना घरात चामड्याचं काम चालत नव्हतं. ज्या दिवशी मशीन आलं त्या दिवशी ते बाबांना म्हणाले होते, "चामडं उंबऱ्याच्या आत नाय यायचं. ते चाळीत ठेव, नाय तर तू बी चाळीतच ऱ्हा." बाबांनी मशीन चाळीत ठेवलं आणि दिवसाचा निम्मा वेळ ते स्वतःही तिथंच राहिले. कांद्याच्या वासात मी शिवायला शिकले.

पॅडलवर दोन्ही पाय टेकले तर कंबर सरळ राहते आणि कंबर सरळ राहिली तर शिलाई सरळ जाते. माझा डावा लोंबकळायचा आणि शिलाई डावीकडे ओढायची. म्हणून बाबांनी पॅडलवर चामड्याचा एक थर ठोकला. पुढच्या वर्षी उजवा पाय वाढला, डावा मागं राहिला, म्हणून दुसरा थर आला. असे सात वर्षांत सात. तिसरा पातळ आहे कारण त्या वर्षी मी टायफॉइडनं झोपून होते, फारशी वाढलेच नाही. पाचव्या वर्षी घरात तळाचं चामडं नव्हतं. आजोबा चाळीच्या दारात उभे राहून बघत होते. त्यांनी पायातली एक वहाण काढून बाबांपुढं टाकली आणि म्हणाले, "घे, हिच्यातून काप." मग थोड्या वेळानं दुसरीही टाकली, म्हणाले की एका वहाणेनं मळ्यात जाता येत नाही. तुम्हाला पाचव्या थरात जो खड्डा दिसला तो त्यांच्या अंगठ्याचा आहे. तुमच्या डायरीत तो दोष म्हणून लिहिला असेल.

माझ्या बाबांना मोजपट्टी माहीत होती, सोमनाथभाऊ. पण या कामाला ते ती लावत नसत. मला मशीनवर बसवायचे, खाली उकिडवे बसून पाय बघायचे आणि एकच विचारायचे. मी हो म्हटलं की खिळा ठोकायचे. काय विचारायचे ते इथं लिहीत नाही. साधाच शब्द आहे, पण तो माझ्याजवळ असू दे.

माझे बूट मी त्याच मशीनवर शिवले. लग्न होऊन इगतपुरीला आले, यांची रेल्वेत नोकरी होती. दर दिवाळीला माहेरी गेले की दोन दिवस चाळीत बसायची. बाबा कापायचे, मी शिवायची, डाव्याचा उंच तळ ते बसवायचे. बाबा जाऊन अठरा वर्षं झाली. शेवटच्या जोडाचे तळ इथल्या बूट दुरुस्त करणाऱ्या चंदरनं चार वेळा बदलून दिले, पण दोन वर्षांपूर्वी वरचं चामडंच फाटलं. दवाखान्यातून मिळालेला बूट आहे, तो घातला की गल्लीच्या टोकापर्यंत जाते न जाते तोच कंबर मोडते. बाहेर फिरायची हौस नाही असं मी लिहिलं ते खोटं होतं. रोज संध्याकाळी स्टेशनवर जाऊन बाकड्यावर बसायची माझी सवय होती. यांची ड्यूटी असायची तेव्हापासूनची. दोन वर्षांत एकदाही गेलेले नाही.

आता शेवटचं. माझ्या ट्रंकेत एका जोडाचं चामडं आहे, बाबांनी मरणाआधी कापून ठेवलेलं. त्यांच्यानंतर मशीनवर बसायला माझा जीव होईना, म्हणून ते तसंच राहिलं. या वर्षी मनाचा हिय्या केला. समर्थला सांगणार होते की दिवाळीला येते, मशीन पुसून ठेव. तर त्यानं चांगलं घर मिळाल्याचं सांगितलं. त्यानंतर तुमचं पत्र आलं आणि मी ट्रंक उघडून चामड्याला तेल लावायला घेतलं. तुम्हाला सरळ विचारावं की दोन दिवस बसू द्याल का, असं ठरवत होते. तेवढ्यात आरशासारख्या सपाट पॅडलचं पत्र आलं.

तुम्ही ते निळं पत्र वाचलं नाही म्हणालात. ते मीच बाबांना लिहिलं होतं. पहिलीच ओळ आहे की दिवाळीला येते, डावा पाय मशीनवर नीट आहे ना ते बघून ठेवा. वाचलं असतंत तर हे झालं नसतं. माणसानं इतकंही सभ्य असू नये.

पिशवीची शिलाई चांगली आहे. निकिताला सांगा, वळणावर दोन टाके हातानं चाक फिरवून टाकायचे.

चंद्रभागा

इंदिरानगर, नाशिक
२८ नोव्हेंबर २०२४

चंद्रभागाताई,

नमस्कार कुठल्या तोंडानं लिहू ते कळत नाही, म्हणून लिहिला नाही. तुमचं पत्र मी वाचलं, मग दीपमालेनं वाचलं, मग निकितानं. त्या दिवशी दोघी मला सोडून जेवायला बसल्या. त्यांचं बरोबर आहे. ज्या माणसाच्या मोजपट्टीची मी थट्टा केली, त्याच्यापुढं मी उमेदवारी करायच्या लायकीचा नाही. मला फार लाज वाटली आणि अजून वाटते आहे.

पत्र संपताच मी चप्पल न घालता लताबाईंच्या गाडीकडे गेलो. गाडी होती, चाकाखाली ठोकळाही होता. पण बाई देईनात. म्हणाल्या, "भाऊ, लय गुणाचा ठोकळा हाय, गाडी तसूभर हलत नाय. दिलेली वस्तू मागं घेत्यात का कुठं?" मी त्यांना तिथंच उभं राहून सगळं सांगितलं. त्यांनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली, गाडीला कंबर लावली आणि मला म्हणाल्या की काढा पटकन. मी काढेपर्यंत ती भरलेली गाडी बाईंनी अंगावर तोलून धरली होती. दुसऱ्या दिवशी त्यांना बाभळीचे दोन ठोकळे करून दिले.

आता खरं सांगतो. सातपैकी पाचच थर उरले आहेत. वरचे दोन एका टेम्पोच्या धक्क्यानं सुटले आणि गटारीत गेले. गटारीत मी शोधलं, नाही सापडले. पण पाचवा शाबूत आहे. त्या खड्ड्यात मी माझा अंगठा ठेवून बघितला. तुमच्या आजोबांचा अंगठा माझ्याहून मोठा होता. डायरीत त्या ओळीपुढं खरंच दोष असं लिहिलं होतं. ते खोडून वहाण असं लिहिलं आहे.

माझ्या त्या मेल्या सवयीचा एवढाच उपयोग झाला की सहाव्या आणि सातव्या थराची मापं माझ्याकडे आहेत. तसंच चामडं आणलं, त्याच मापाचे थर केले आणि सगळं पुन्हा पॅडलवर बसवलं. जुने खिळे जुन्याच भोकांत घातले. माझे दोन थर वेगळे दिसतात. ते मुद्दाम रंगवले नाहीत.

निकिताची मोठी ऑर्डर जानेवारीत संपते. त्यानंतर मशीन लागेल तितके दिवस तुमचं. ती गाडी घेऊन इगतपुरीला येईल. तुम्ही ट्रंकेतलं चामडं घेऊन या. नाही म्हणू नका.

निळं पत्र सोबत परत करत आहे. फक्त पहिली ओळ वाचली, ती तुम्ही सांगितलेलीच होती.

सोमनाथ

इगतपुरी
१० डिसेंबर २०२४

सोमनाथभाऊ,
नमस्कार.

निळं पत्र मिळालं. बाबांनी मागच्या कोऱ्या जागेत माझ्या पायाचं माप लिहून ठेवलेलं आहे. तुम्ही उलटून पाहिलं नसेल, तुम्ही सभ्य आहात. मीही आजवर पाहिलं नव्हतं.

येईन. पण आधी अटी ऐका. मला दंडाला धरून कुणी चालवायचं नाही. पायऱ्या किती आहेत ते कळवा, म्हणजे मी मनाची तयारी करीन. जेवायला विशेष काही नको. माझ्याशी ओरडून बोलायचं नाही, मला ते आवडत नाही. हळू बोललात तर ऐकू येणार नाही. यातलं मधलं काहीतरी तुम्हीच शोधा, तुम्ही फिटर आहात.

लताबाईंना माझा नमस्कार सांगा.

एक शंका आहे. तुम्ही थर माझ्या बाबांच्या मापानं केलेत, पण त्या मापाला आता चव्वेचाळीस वर्षं झाली. मधल्या काळात मीही झिजले असेन.

चंद्रभागा

इंदिरानगर, नाशिक
२३ जानेवारी २०२५

चंद्रभागाताई,
सा. नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं निकितानं सांगितलं. तुम्ही गेल्यापासून घर रिकामं वाटतं. मशीनसमोरची खुर्ची अजून तुमच्या उंचीला लावलेली आहे, ती खाली करायला कुणाचा हात होत नाही.

तुमची शंका खरी निघाली. तुम्ही बसलात, उजवा पाय पॅडलवर ठेवलात, आणि डावा ठोकळ्याच्या वर बोटभर तरंगत राहिला. तेव्हा तुमचा चेहरा उतरला, तो मी पाहिला. सात थरांनी भागत नव्हतं. कमरेचं हाड झिजलं की असं होतं म्हणे. घरात चामडं उरलं नव्हतं आणि दुकान उघडायला वेळ होता, तेव्हा माझ्या कमरेचा पट्टा कामी आला. कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेला होता, चामडं अस्सल. तो दुहेरी घातला आणि काम झालं. दीपमाला म्हणते, आता पँट हातानं धरून फिरा.

त्यानंतरचे दोन दिवस मी विसरणार नाही. तुम्ही दोन्ही पाय ठेवलेत आणि जे शिवायला सुरुवात केली, ते बघून निकिता मला कानात म्हणाली, "पप्पा, मी आजवर शिवत नव्हते, नुसती टोचत होते." वडिलांनी आखलेल्या खडूच्या रेघेवरून तुमची शिलाई जात होती आणि ती रेघ टाक्याखाली दिसेनाशी होत होती. तुम्ही मध्येच थांबलात, डोळे पुसलेत आणि चष्म्याला शिव्या घातल्यात. चष्मा चांगला होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

एकाच गोष्टीची चुटपुट लागली आहे. ओरडू नका असं तुम्ही आधीच बजावलं होतं. आठवा थर बसवताना मी खाली बसून विचारलं, तर तुम्ही उत्तर दिलं नाहीत. म्हणून दुसऱ्यांदा इतक्या मोठ्यानं विचारलं की लताबाई गाडी सोडून दारात आल्या. मधलं काही मला शोधता आलं नाही. त्याबद्दल माफी असावी.

निकिताला आता तुमच्या त्या ठोकळ्याची इतकी सवय झाली आहे की ती डावा पाय त्यावर टेकवूनच शिवते. काढू का विचारलं तर म्हणाली, हात लावू नका.

तळ बसवून झाले की कळवा.

आपला,
सोमनाथ

इगतपुरी
४ फेब्रुवारी २०२५

सोमनाथभाऊ,
अनेक आशीर्वाद. वयानं मी मोठी आहे, तेव्हा आता नमस्कार पुरे.

चंदरनं तळ बसवले. डाव्याचा तळ किती उंच ठेवायचा ते निळ्या पत्रामागच्या मापात होतं, त्यात तुमच्या पट्ट्याएवढी भर घातली. काल संध्याकाळी बूट घातले आणि स्टेशनवर गेले. एकदाही भिंत धरली नाही. माझं बाकडं होतं तिथंच आहे, नुसता रंग बदलला आहे. गाडी गेल्यावर चहावाल्यानं विचारलं, मावशी, गावाला गेलता काय? म्हटलं, हो, माहेरी गेले होते.

समर्थला पत्र लिहून कळवलं आहे की मशीन खरंच चांगल्या घरी पडलं. तो खोटं बोलला, पण ते खरं ठरलं, याचा त्याला काय तो आनंद होऊ दे.

तुम्ही ओरडलात म्हणून माफी मागितली आहे. ती मी घेत नाही, कारण त्यात तुमचा दोष नव्हता. बाबा काय विचारायचे ते मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. आता लिहिते. थर ठेवायचे, उकिडवे बसायचे, मान वाकडी करून पायाखालची फट बघायचे आणि वर न बघताच विचारायचे, "टेकला?" दरवर्षी तेवढंच. सात वर्षं.

तुम्हीही तसेच बसलात, तशीच मान वाकडी केलीत आणि वर न बघता म्हणालात, "टेकला का, ताई?"

मला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. पुन्हा एकदा ऐकायचं होतं, म्हणून गप्प राहिले.

चंद्रभागा